देणगी लाखाची असो, मत चार आण्यांचे हवे

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात भरलेले काँग्रेस अधिवेशन असहकाराच्या ठरावामुळे इतिहासात गाजले. त्याच मांडवात आणखी एक निर्णय झाला. तो ठरावाइतका गाजला नाही, परंतु त्याचे परिणाम अधिक दूरवर पोहोचले. काँग्रेसने नवी घटना स्वीकारली आणि वर्षाला चार आणे देणाऱ्या सामान्य माणसाला सभासदत्वाचे दार उघडून दिले. या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. पुढे टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपयांची हाक दिली गेली, आणि जून १९२१ अखेर ती रक्कम उभी राहिली. वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एकट्या बजाजांनी एक लाख रुपये दिले. शेठजींचा लाख आणि विणकराची पावली एकाच चळवळीच्या कामी आली. तथापि सभासद म्हणून मत देताना लाख देणाऱ्याला एक लाख मते मिळावीत, असे त्या घटनेत कोठेही लिहिले नव्हते.

शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज उकरून काढण्याचे कारण असे की, नेमका हाच प्रश्न आज एका नव्या क्षेत्रात उभा आहे आणि समाजवादी चळवळीने त्याकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे. हे क्षेत्र म्हणजे मुक्त संगणकप्रणालींचे, ज्यांना सर्वत्र ओपन सोर्स म्हटले जाते. ‘हा अभियंत्यांचा विषय, कष्टकऱ्यांच्या लढ्याशी त्याचा काय संबंध?’ असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हा प्रश्न विचारणारा कार्यकर्ता ज्या अँड्रॉइड फोनवरून सभेचा निरोप धाडतो, त्या फोनचा गाभा लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे. पक्षाचे पत्रक तो लिबरऑफिसमध्ये जुळवत असेल, तर ती प्रणालीही मुक्तच. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेला ‘मुक्ता’ किंवा रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी जोपासलेला ‘लोहित’ हे देवनागरी टंकही कोणालाही विनामूल्य वापरता येतात, बदलता येतात, वाटता येतात. बँक, रेल्वे, शासकीय कचेऱ्या, आधारची यंत्रणा यांपैकी कशाचेही आजचे कामकाज अशा प्रणालींवाचून चालत नाही. जे साधन इतक्यांच्या जगण्याच्या तळाशी आहे, ते कोणाच्या हाती असावे हा प्रश्न अभियंत्यांचा नसून राजकारणाचा आहे.

या प्रणालींचे वैशिष्ट्य त्यांच्या परवान्यात आहे. सामान्य कंपनी आपल्या प्रणालीची मूळ संहिता तिजोरीत ठेवते आणि वापरण्याची परवानगी विकते. मुक्त प्रणालीची संहिता सर्वांसमोर असते. ती वाचावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी. १९८५ साली स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तर असा परवाना रचला की, सुधारलेली प्रणाली दुसऱ्यास देणाऱ्याने आपली सुधारणाही त्याच अटींवर खुली केली पाहिजे. खाजगी मालकीच्या कायद्याचेच हत्यार उलटे धरून सामाईक मालमत्ता राखण्याची ही युक्ती होय. उत्पादनाच्या साधनांवर समाजाची मालकी हा विचार ज्यांनी आयुष्यभर मांडला, त्यांनी या घटनेचे स्वागत सर्वांआधी करावयास हवे होते.

परंतु सामाईक मालमत्ता कागदावर निर्माण झाली म्हणजे ती आपोआप टिकते असे नाही. संहितेची देखभाल हे रोजचे श्रम आहेत. दोष शोधणे, दुरुस्ती करणे, नव्या यंत्रांशी तिचा मेळ घालणे ही कामे कोणीतरी करावीच लागतात, आणि ते कोणीतरी जेवतही असतेच. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा जगाला ओपनएसएसएल या प्रणालीचे नाव प्रथम कळले. जगातील असंख्य संकेतस्थळांवरील गुप्त व्यवहार तिच्या भरवशावर चालत होते. तिला मिळणाऱ्या देणग्या मात्र वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांनी ही प्रणाली वर्षानुवर्षे फुकट वापरली होती. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या प्रणालीत कोणीतरी पद्धतशीरपणे चोरदरवाजा बसवला. तीही एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर उभी होती, आणि मदतनीस म्हणून त्याचा विश्वास संपादन करूनच चोर आत शिरला. अर्थशास्त्रात ज्याला फुकट्याचा प्रश्न म्हणतात, त्याचे याहून उघडे उदाहरण शोधावे लागणार नाही. फरक इतकाच की, पाठ्यपुस्तकातील फुकट्या गरीब गावकरी असतो आणि येथील फुकट्या जगातील सर्वांत श्रीमंत कंपनी आहे.

मग कंपन्या देणग्या देऊ लागल्या, आणि येथूनच खरा प्रश्न सुरू होतो. कारण भांडवलाची देणगी सहसा एकटी येत नाही. सोबत ती खुर्ची मागते. अमेरिकेतील लिनक्स फाउंडेशनची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे वर्षाला पाच लाख डॉलर वर्गणी भरणारा ‘प्लॅटिनम’ सभासद संचालक मंडळावर आपला प्रतिनिधी बसवतो. खालच्या वर्गांतील सभासदांना मोजक्या जागा वाटून मिळतात. पूर्वी व्यक्तिगत सभासदांनाही मंडळावर आपले प्रतिनिधी निवडून पाठवण्याचा अधिकार होता. जानेवारी २०१६ मध्ये नियम बदलून तो काढून घेण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनी ‘प्लॅटिनम’ सभासद म्हणून दाखल झाली. याच कंपनीच्या प्रमुखाने २००१ साली लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. ज्या रोगाचा नायनाट करता आला नाही, त्याच्या विश्वस्त मंडळावर जाऊन बसणे भांडवलाला अधिक सोयीचे वाटले. फाउंडेशनच्या समर्थकांचे म्हणणे असे की, कायद्याने ही संस्था व्यापारी संघटनाच आहे आणि तिने दुसरे काही असल्याचा दावाही केलेला नाही. हे म्हणणे खरे आहे. परंतु मग तिला ‘समुदायाची संस्था’ म्हणून गौरवणाऱ्यांनी तरी शब्द जपून वापरावेत.

या खुर्चीचा उपयोग काय होतो, ते सेंटओएस या प्रणालीच्या उदाहरणावरून कळते. रेड हॅटच्या महागड्या प्रणालीची मुक्त संहिता घेऊन स्वयंसेवकांनी ती विनामूल्य उभी केली होती. भारतातही अनेक विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे संगणक तिच्यावर चालत. २०१४ साली रेड हॅटने या प्रकल्पाला आपल्या छत्राखाली घेतले आणि त्यातील प्रमुख मंडळींना नोकऱ्या दिल्या. समुदाय आणि कंपनी यांच्या सहकार्याचा आदर्श म्हणून तेव्हा त्याचे कौतुक झाले. २०१९ मध्ये आयबीएमने चौतीस अब्ज डॉलरना रेड हॅट विकत घेतली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की, ज्या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत होणार होती ती २०२१ अखेरच बंद होईल. संहिता मुक्त होती, परवाना अबाधित होता, एकही कायदा मोडला गेला नाही. परंतु निर्णय घेणारी खोली मुक्त नव्हती. लोहितसारखे टंक मराठीला देणारी कंपनी हीच, हे विसरता कामा नये. आणि म्हणूनच हा प्रश्न कंपनीच्या भलेपणाचा किंवा दुष्टपणाचा राहत नाही.

भारताकडे वळल्यास हाच प्रश्न अधिक जवळून दिसतो. २०२० साली फॉस युनायटेड ही ना-नफा संस्था झेरोधा ही बंगळुरूची दलाली पेढी आणि फ्रापे ही मुंबईची कंपनी यांच्या पुढाकाराने पुढे आली. फ्रापेने ईआरपीनेक्स्ट ही कारखान्यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली मुक्त परवान्याखाली जगाला दिली आहे. फॉस युनायटेड तरुणांना अनुदाने देते, परिषदा भरवते, शहरोशहरी मेळावे घडवून आणते. झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याखेरीज दरसाल दहा लाख डॉलरचा स्वतंत्र निधी जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी जाहीर केला. हे काम चांगले आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. देशातील माहिती-तंत्रज्ञान उद्योगाने मुक्त प्रणालींवर उभारलेल्या सेवा परदेशी गिऱ्हाइकांना विकून अफाट पैसा मिळवला. त्या मानाने त्याने परत केलेला वाटा नगण्य आहे. अशा वेळी कोणीतरी हात सैल सोडतो, ही गोष्ट कमी महत्त्वाची नव्हे.

परंतु पैसा कोठून येतो हे विचारणे हा समाजवाद्याचा धर्म आहे. शेअर दलाली पेढ्यांच्या भरभराटीत वायदे व्यवहारांच्या दलालीचा मोठा वाटा राहिला आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी त्र्याण्णवांना तोटा झाला आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला. हा आकडा साऱ्या बाजाराचा आहे, एका पेढीचा नव्हे. गिऱ्हाइकाच्या तोट्यावर दलालाचा नफा अवलंबून नसतो, तो उलाढालीवर असतो, हेही खरे. तथापि एवढे निश्चित की, मध्यमवर्गीय तरुणाच्या सट्टेबाजीची लाट ओसरली किंवा सेबीने नियम आवळले, तर मुक्त प्रणालींसाठी वाहणारा हा झराही आटण्याचा धोका आहे. सार्वजनिक गरजेची वस्तू सट्टेबाजाराच्या भरती-ओहोटीवर सोपवून निर्धास्त राहणे याला नियोजन म्हणत नाहीत. दात्याची दानत आज निर्मळ असेल. उद्या पेढी विकली गेली, तर दानत कराराबरोबर हस्तांतरित होत नाही.

गांधीजींनी १९३६ साली सेवाग्रामला मुक्काम केला तेव्हापासून विश्वस्तवृत्तीचा वाद विदर्भाच्या मातीत रुजलेला आहे. धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव समजावी, हा विचार उदात्त होता. समाजवाद्यांचा आक्षेप त्याच्या उदात्ततेवर कधीच नव्हता. आक्षेप असा होता की, जो विश्वस्त स्वतःच स्वतःची नेमणूक करतो आणि ज्याला कोणी काढू शकत नाही, तो विश्वस्त नव्हे, मालकच. मुक्त प्रणालींच्या प्रतिष्ठानांना हाच निकष लावला पाहिजे. वर्गणीदार कोण, हा पहिला प्रश्न. मतदार कोण, हा दुसरा. आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे उत्तर ठरवते काय, हा तिसरा आणि निर्णायक.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला आक्षेप बाजारवाद्यांचा. ते म्हणतील, ‘संहिता सर्वांसमोर असताना मताची चर्चा हवी कशाला? कंपनीचा निर्णय पटत नसेल तर संहिता उचला आणि वेगळी चूल मांडा.’ वेगळी चूल मांडण्याचा हा हक्क मोलाचा आहे, यात शंका नाही. २०१० साली ओरॅकलने सन कंपनी गिळंकृत केल्यावर ओपनऑफिसच्या अनेक कार्यकर्त्यांनी तेच केले आणि त्यातून लिबरऑफिसचा जन्म झाला. परंतु चूल मांडायला सरपण लागते आणि ते गोळा करायला संघटना लागते. भूमिहीनाला ‘पटत नसेल तर दुसरे गाव शोध’ असे सांगणारा पाटील याच स्वातंत्र्याचा हवाला देत असे. लिबरऑफिस यशस्वी झाले, कारण मागे संघटना उभी राहिली. प्रतिष्ठानाच्या मूळ भांडवलासाठी लागणारे पन्नास हजार युरो २०११ च्या फेब्रुवारीत लोकवर्गणीतून अवघ्या आठ दिवसांत जमले आणि २०१२ मध्ये बर्लिनला ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ची रीतसर नोंदणी झाली. या संस्थेची घटना अभ्यासण्याजोगी आहे. प्रत्यक्ष काम करणारे सभासद संचालक मंडळ निवडतात. वर्गणी देणाऱ्या कंपन्यांना सल्लागार मंडळावर जागा आहे, त्यांचे म्हणणे ऐकले जाते, परंतु पैशाच्या बळावर त्यांना मत मिळत नाही. एकाच कंपनीची माणसे मंडळावर बहुसंख्य होऊ नयेत, अशीही मर्यादा घातलेली आहे. तेथेही भांडणे होतात, कंपन्यांचे दडपण जाणवते. पण भांडण्यासाठी जागा आहे.

दुसरा आक्षेप खुद्द डाव्या गोटातून येईल. ‘भांडवलदारांचा पैसा विषासमान आहे, त्याला स्पर्शच नको.’ ही भूमिका मनाला समाधान देते, प्रणाली चालवत नाही. लिनक्सच्या गाभ्यातील बहुतांश बदल आज पगारी अभियंते करतात. ते कंपन्यांचे नोकर आहेत, म्हणजे शेवटी ते श्रमिकच आहेत. त्यांचे श्रम नाकारून सोवळेपण राखणे हा समाजवाद नव्हे. ज्यांनी वर्षानुवर्षे फुकट वापर केला त्यांच्याकडून पैसा घेणे ही भीक नसून वसुली आहे. ती जरूर करावी, फक्त पावतीवर खुर्ची लिहून देऊ नये.

शिवाय मत हातात असले म्हणजे सारे साधले, असेही नाही. चार आण्यांच्या सभासदत्वानंतरही काँग्रेसच्या धोरणावर गिरणीमालकांचा आणि जमीनदारांचा प्रभाव राहिलाच. नाशिकच्या तुरुंगात एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, अच्युत पटवर्धन, जयप्रकाश नारायण यांच्यासारख्या तरुणांनी याच असंतोषातून वेगळा विचार सुरू केला आणि १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. परंतु काँग्रेसच्या आत राहून काँग्रेसशी झगडणे त्यांना शक्य झाले, ते तिचे दार चार आण्यांत उघडे होते म्हणून. महाराष्ट्रातील सहकारी चळवळीचा अनुभवही हेच दोन धडे देतो. एक माणूस एक मत या तत्त्वावर १९५० साली प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला. जेथे सभासद झोपले तेथे त्याच तत्त्वाच्या आडून घराणी मातली आणि अखेर कारखाने खाजगी मालकांच्या घशात गेले. मताशिवाय जागरूकतेला हत्यार नाही, आणि जागरूकतेशिवाय मताला धार नाही.

सामाईक मालमत्ता सामान्य माणसांना सांभाळता येत नाही, ही भांडवली अर्थशास्त्राची जुनी श्रद्धा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभराच्या संशोधनाने ती खोटी ठरवली आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की, त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळवला. मेंढ्याच्या ग्रामसभेत बाहेरचे अभ्यासक येतात, अधिकारी येतात, मदतही येते. निर्णय मात्र सभा करते, आणि सर्वसहमतीने करते. मदत घ्यावी, निर्णय देऊ नये, हे सूत्र मेंढ्याच्या गोंडांना जमले. ते शहरातील पदवीधरांना अवघड का वाटावे?

शासनाची जबाबदारी येथे टाळता येणार नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त प्रणाली वापरण्याचे धोरण जाहीर केले. त्याचा सारा भर वापरावर होता. वापरा म्हणणारे सरकार पोसा म्हणावयास विसरले, म्हणजे फुकट्यांच्या रांगेत तेही जाऊन उभे राहिले. महाराष्ट्रात शासकीय नोकरीच्या आशेने लक्षावधी तरुणांनी एमएस-सीआयटीची परीक्षा दिली आणि तिच्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे एका परदेशी मक्तेदाराच्याच प्रणाली शिकवल्या गेल्या. गिऱ्हाईक घडवण्याचा खर्च तरुणांनी सोसला, गिऱ्हाईक मिळाले मक्तेदाराला. याउलट केरळने शाळांतून मुक्त प्रणाली रुजवल्या आणि २०११ मध्ये तिरुवनंतपुरमला या कामासाठी स्वतंत्र शासकीय संस्था काढली. जर्मनीने २०२२ मध्ये मुक्त प्रणालींच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी सुरू केला. जे रस्त्यांना आणि कालव्यांना लागू आहे, ते या अदृश्य रस्त्यांना लागू नसावे, याला कोणतेही आर्थिक कारण नाही.

तेव्हा पक्षापुढील काम स्पष्ट आहे. पक्षाची कार्यालये, संलग्न कामगार संघटना, शिक्षक संघटना आणि पतसंस्था यांनी मुक्त प्रणाली वापराव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वापरल्या त्या प्रणालीच्या प्रतिष्ठानाला दरसाल वर्गणी पाठवावी. ती शंभर रुपयांची असली तरी चालेल, कारण फुकट्याला मत मागण्याचा नैतिक अधिकार नसतो. महापालिकेत, जिल्हा परिषदेत आणि विधानसभेत अशी मागणी करावी की, मुक्त प्रणालींमुळे परवान्यांच्या खर्चात जी बचत होते तिचा ठरावीक हिस्सा देखभालीच्या सार्वजनिक निधीत जमा व्हावा. फॉस युनायटेडसह प्रत्येक प्रतिष्ठानाकडे तीन गोष्टी मागाव्यात. हिशेब उघडा असावा, काम करणाऱ्या सभासदांना मत असावे आणि कोणत्याही एका कंपनीच्या वाट्याला मर्यादा असावी. ज्यांचा हेतू शुद्ध आहे त्यांना या मागण्या जाचक वाटण्याचे कारण नाही.

आणि नागपुरात एक काम विशेष करावयाचे आहे. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांची संकुले आहेत. विदर्भाच्या खेड्यांतून शिकून आलेली मुले-मुली अशा संकुलांत काम करतात. या उद्योगात नोकरीच्या करारातील कलमे बहुधा अशी असतात की, कामाच्या वेळेत लिहिलेली प्रत्येक ओळ मालकाची ठरते. मुक्त प्रणालीसाठी काम करण्याचा वेळ आणि हक्क ही या तरुणांची मागणी झाली पाहिजे, जशी आठ तासांच्या दिवसाची मागणी एम्प्रेस मिलच्या पिढीची होती. ही मुले स्वतःला कामगार म्हणवून घेत नाहीत, अशी तक्रार कार्यकर्ते करतात. त्यांच्याशी त्यांच्या श्रमांच्या भाषेत बोलायला आजवर किती कार्यकर्ते गेले, हेही एकदा मोजावे.

नागपूरच्या मांडवात १९२० साली ठरलेले तत्त्व साधे होते. ज्याच्याजवळ अधिक आहे त्याने अधिक द्यावे आणि ज्याच्याजवळ थोडे आहे त्याचे मत थोडे होऊ नये. देणग्यांचे आकडे आता डॉलरमध्ये मोजले जातात, एवढाच बदल झाला आहे. देणगी लाखाची येवो की कोटीची, तिचे स्वागत करावे, पावती द्यावी, आभार मानावेत. मत मात्र चार आण्यांचेच असले पाहिजे.